हा स्वभाव नव्हे, आजार आहे
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज मी मेंदूच्या एका आजाराबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव मोठं आहे, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. डॉक्टर थोडक्यात एफटीडी म्हणतात. नाव विसरलात तरी हरकत नाही. आपण त्याला कपाळ-कानशिलाचा आजार म्हणू. कारण ‘फ्रंटल’ म्हणजे मेंदूचा कपाळामागचा भाग आणि ‘टेम्पोरल’ म्हणजे दोन्ही कानशिलांच्या आतला भाग. हा आजार तिथेच सुरू होतो.

उतारवयातलं विसरणं आपल्याला ओळखीचं आहे. आत्ताच जेवून उठलेली आजी म्हणते, “मला कोणी जेवायलाच दिलं नाही.” आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतो. पण तोही आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. कपाळ-कानशिलाचा आजार त्याच घराण्यातला, पण चाल वेगळी. तो बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, म्हणजे माणूस कामाधामाचा असताना. आणि सुरुवातीला यात विसरणं फारसं नसतंच. कोणाकडे किती उसने दिले, शेताचा बांध कुठवर आहे, लेकीचं लग्न कोणत्या साली झालं, सगळं आठवतं. बदलतं ते वागणं, नाहीतर बोलणं. म्हणून घरच्यांना हा आजार आहे असं वाटतच नाही. त्यांना वाटतं, माणूस बिघडला.

आपण म्हणतो, ‘स्वभावाला औषध नाही’. आणखी म्हणतो, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’. आता या म्हणी धरून जरा विचार करा. स्वभाव जर इतका पक्का असतो, तर पन्नास वर्षं एका रीतीने वागलेलं माणूस वर्षा-दोन वर्षांत पार वेगळं कसं होईल? भिडस्त माणूस अचानक निर्लज्ज होतो, काटकसरी बाई दिसेल ते विकत घेत सुटते, मायाळू बाप लेकराच्या आजारपणातही ढिम्म बसतो. तेव्हा आपल्या मनात प्रश्न यायला हवा, की हे आतून कशामुळे झालं?

ते समजायला मेंदू कसा आहे ते पाहू. अक्रोड फोडल्यावर आतला गर कसा वळ्यावळ्यांचा दिसतो, तसा मेंदू दिसतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या जरा आत. दिसायला एकच गोळा, पण त्यातल्या जागांनी कामं वाटून घेतली आहेत. आपल्या गटात अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष असतात ना, तसंच. डोक्याच्या मागच्या भागाकडे डोळ्यांनी दिसलेलं समजून घेण्याचं काम आहे. वरच्या बाजूच्या भागाकडे स्पर्श आणि दिशा ओळखण्याचं. कपाळामागच्या भागाकडे सगळ्यात अवघड काम आहे, ते म्हणजे चार माणसांत माणसासारखं वागण्याचं.

हे डॉक्टरांच्या लक्षात कसं आलं, त्याची एक खरी गोष्ट आहे. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रेल्वेचा रस्ता करण्यासाठी खडक फोडत होते. फिनियस गेज नावाचा २५ वर्षांचा मुकादम दारू ठासत असताना स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून घुसली आणि टाळूतून बाहेर पडली. माणूस वाचला. चालू लागला, बोलू लागला, ओळखीही शाबूत होत्या. पण आधी शांत आणि कामात चोख असलेला गेज आता शिवराळ, उतावळा आणि लहरी झाला. ओळखीचे लोक म्हणू लागले, हा तो गेज नाहीच. पुढे काही वर्षांनी तो बराच सावरला आणि चिली देशात घोडागाडी हाकण्याचं काम करू लागला. पण एक गोष्ट जगाला कळली, की कपाळामागचा मेंदू दुखावला तर स्वभाव बदलतो.

गेजला पहार लागली. कपाळ-कानशिलाच्या आजारात बाहेरून काही लागत नाही. तिथल्या पेशी हळूहळू मरतात आणि तो भाग वाळत जातो. एमआरआय काढला की दिसतं, मागचा मेंदू भरलेला असतो आणि पुढच्या वळ्या आक्रसलेल्या, वळ्यांमधल्या भेगा रुंद झालेल्या. आजार खूप वाढला तर या वळ्या सुरीच्या पात्यासारख्या पातळ होतात. मेंदूच्या आत पाणी भरलेल्या पोकळ्या असतात, त्या मोठ्या होतात, कारण आजूबाजूचा गर कमी झालेला असतो. शेवटच्या टप्प्यात काहींच्या मेंदूचं वजन १००० ग्रॅमच्याही खाली येतं.

कोणती जागा आधी वाळते त्यावर लक्षणं ठरतात.

डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा भाग म्हणजे मेंदूचा लगाम. आपल्याही मनात नको ते येतं, पण तोंडातून बाहेर पडत नाही, कारण हा लगाम आहे. तो सुटला की माणूस लग्नाच्या मांडवात मोठ्याने अचकट बोलतो, परक्या बाईच्या अंगाला हात लावतो, दुकानातून बिस्किटाचा पुडा उचलून पैसे न देता चालू लागतो. चोरी करतोय हे त्याला जाणवत नाही.

दोन्ही बाजूंचे मेंदू जिथे एकमेकांना टेकतात, तिथला पुढचा भाग माणसाला कामाला उठवतो. तो वाळला की बाई दिवसभर ओट्यावर बसून राहते. अंघोळ नाही, वेणीफणी नाही. घरचे म्हणतात आळशी झाली. डॉक्टरलाही आधी नैराश्य वाटू शकतं. पण नैराश्यात माणूस आतून दुःखी असतो, रडतो, जीव नकोसा झाला म्हणतो. या आजारात बहुतेकदा दुःखही नसतं.

कानशिलाच्या आत, मेंदूच्या एका घडीत लपलेला आणखी एक भाग आहे. पोट भरलं, भूक लागली, जीव घाबरला, या शरीराच्या खबरा तिथे पोचतात. समोरच्याचं दुःख आपल्याला आतून जाणवतं, त्यातही या भागाचा हात आहे. इथे आणि कपाळामागे काही लांबट, टकळीसारख्या आकाराच्या पेशी असतात. माणसात असतात, तशाच हत्ती, देवमासे, मोठी माकडं अशा कळपाने राहणाऱ्या प्राण्यांतही सापडल्या आहेत. या आजारात त्या पेशी सुरुवातीलाच मोठ्या प्रमाणात मरतात. मग बायको तापाने फणफणली असताना नवरा विचारतो, “जेवण कधी होणार?” सख्खा भाऊ गेला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. खाण्याला धरबंध राहत नाही. गोडाची हाव सुटते, गुळाचा डबा एका बसणीला रिकामा होतो. काहीजण एकच वाक्य दिवसभर बोलतात, त्याच वाटेने पुन्हा पुन्हा चकरा मारतात, कागदाचे कपटे गोळा करत राहतात.

काही माणसांत वागण्याआधी बोलणं बिघडतं. डाव्या कानशिलाचा भाग वाळला तर शब्दांचे अर्थच पुसले जातात. बाई विळीवर भाजी चिरते, पण “विळी दे गं” म्हटलं तर विचारते, “विळी म्हणजे काय?” उजवं कानशील वाळलं तर ओळखीचे चेहरे आणि चेहऱ्यावरचे भाव कळेनासे होतात. डावीकडे कपाळाच्या बाजूचा भाग वाळला तर अर्थ कळतो, पण बोलताना शब्द अडकतात, वाक्य तुटक होतं. काही थोड्या रुग्णांत पुढे हातापायांतली ताकदही जाते, गिळताना ठसका लागतो.

पेशी मरतात कशाने? प्रत्येक पेशीत प्रथिनं असतात आणि त्यांची आपापली कामं असतात. ‘टाऊ’ नावाचं एक प्रथिन पेशीच्या आतले बारीक रस्ते सुतळीसारखं बांधून ठेवतं. ‘टीडीपी-४३’ नावाचं दुसरं पेशीच्या केंद्रात बसून कामकाज पाहतं. या आजारात बहुतेक रुग्णांत यातलं एक बिघडतं. टाऊ रस्ते सोडून देतं, टीडीपी केंद्रातून बाहेर पडतं, आणि मग त्यांच्या गाठी होतात. दूध नासल्यावर होतात ना, तशा. नासलेलं दूध जसं परत नीट होत नाही, तशी ती पेशीही सावरत नाही.

आजार नवा नाही. १८९२ साली प्राग शहरात अर्नोल्ड पिक नावाच्या डॉक्टरने ७१ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत लिहिली. त्या माणसाचं बोलणं हळूहळू गेलं होतं आणि मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूचा डाव्या कानशिलाचा भाग वाळलेला होता. १९११ मध्ये अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकातून पेशींमधल्या त्या गाठी पाहिल्या. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे. तरी अजून शहरांतसुद्धा नेमकं निदान व्हायला कित्येकदा दोन-चार वर्षं जातात.

गावात त्या दोन-चार वर्षांत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. नवरा बदलला की बोट बायकोकडे जातं, हिनेच काहीतरी खाऊ घातलं. सासू बदलली की सुनेने करणी केली. आणि बाई स्वतः आजारी पडली तर तिला माहेरी पाठवून देतात, नाहीतर भगताकडे नेतात. मैत्रिणींनो, भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मेंदूच्या वळ्या वाळल्या आहेत, त्या धुरीने भरून येणार नाहीत.

इथे एक गोष्ट मला अगदी स्पष्ट सांगायची आहे. लग्न झाल्या दिवसापासून मारणारा, शिव्या देणारा नवरा या आजाराने तसा वागत नाही. त्याला एफटीडीची सबब मिळू देऊ नका. खूण आहे ती बदलाची. आधीचं माणूस आणि आत्ताचं माणूस यांचा मेळ लागत नसेल, आणि हा बदल महिन्यामहिन्याला वाढत असेल, तर संशय घ्यायचा.

संशय आला की काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे वही घालायची. गटाचं रजिस्टर ठेवतो तशी. काय बदललं, कधीपासून, किती वेळा, तारखेसह. कारण हा रुग्ण डॉक्टरसमोर म्हणतो, “मला काही झालेलं नाही.” खोटं बोलत नसतो. स्वतःतला बदल ओळखणारा भागच दुखावलेला असतो. म्हणून घरच्या माणसाने डॉक्टरशी वेगळं बोलायचं आणि वही दाखवायची.

दुसरी गोष्ट, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. आशाताईला सोबत घ्या. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईडचा त्रास, डोक्याला मार लागून आत साकळलेलं रक्त, मेंदूतली गाठ, जंतांमुळे मेंदूत झालेल्या गाठी, वर्षानुवर्षांची दारू, यांमुळेही वागणं बदलतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत आणि माणूस सुधारू शकतं. ते आधी तपासून घ्यायला हवं. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात, आणि गरज पडली तर सरकारी मेडिकल कॉलेजात मेंदूच्या डॉक्टरकडे. एमआरआय तिथे होतो. सुरुवातीला एमआरआय ठीक आला तरी वही बंद करू नका, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा.

तिसरी गोष्ट खरी आहे, पण कडू आहे. हा आजार थांबवणारं औषध आज नाही. चिडचिड, खा-खा, पुन्हा पुन्हा तेच करणं यासाठी मानसोपचार तज्ज्ञ काही गोळ्या देतात, त्यांनी थोडा आराम पडतो. अल्झायमरच्या गोळ्या मात्र इथे उपयोगी पडत नाहीत, उलट काहींची चिडचिड वाढते. म्हणून शेजारच्या आजीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका. काही घराण्यांत हा आजार पिढीजात येतो, पण बहुतेकांत तसं थेट दिसत नाही. घरात आणखी कोणाला असं झालं असेल तर डॉक्टरला जरूर सांगा.

मग निदान कशाला करायचं, असं कोणी विचारेल. निदान झालं की घरातलं भांडण थांबतं. “असं का वागतोस?” हा प्रश्न थांबतो. त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसतंच.

घरात वागायचं कसं? वाद घालू नका, समजूत काढत बसू नका. वाक्य छोटं, एका वेळी एकच काम. उठणं, जेवण, फिरणं ठरलेल्या वेळी. शेंगा फोडणं, लसूण सोलणं असं बसल्या जागचं काम हातात द्या, हात गुंतला की मन शांत राहतं. गूळ-साखर कुलपात. घास लहान, आणि जेवताना कोणीतरी जवळ. मोटारसायकल, ट्रॅक्टर, फवारणीचं औषध, विहीर यांपासून लांब ठेवा. आणि माणूस आजारी असलं तरी घरातल्या मुलीबाळींची, सुनांची अब्रू आणि सुरक्षितता आधी. त्याने अंगाला हात लावला तर “आजारी आहे, सोडून दे” असं सुनेला सांगू नका. तिला त्याच्याजवळ एकटीला ठेवू नका, आणि डॉक्टरला हे न लाजता सांगा.

पैशाचं लवकर पाहायला हवं. या आजारातलं माणूस कोणाच्याही सांगण्यावरून सही करतं, अंगठा देतं, फोनवर ओटीपी सांगून टाकतं. पासबुक, एटीएम कार्ड, सात-बाराचे कागद घरातल्या जबाबदार माणसाने सांभाळावेत. जमिनीचा व्यवहार कोणी करून घेतला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तालुक्याच्या कोर्टात तिचं कार्यालय असतं. बाईला तिथे वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो.

आता गटाबद्दल. समजा, गटातली ५२ वर्षांची कोषाध्यक्ष, दहा वर्षं पै-पैचा हिशोब चोख ठेवणारी. ती वसुली घरी ठेवू लागली, बैठकीत कोणालाही टाकून बोलू लागली, विचारलं तर हसते. आपण काय करू? बहुधा चोर ठरवून नाव कमी करू. तसं करण्याआधी थांबा. गटाचे पैसे वाचवायलाच हवेत. ठराव करून बँकेतली तिची सही बदला, हिशोब दुसरीकडे द्या, वसुली त्याच दिवशी भरा. हे सगळं करा, पण तिला गटातून काढू नका. दोघी-तिघी तिच्या घरी जा, घरच्यांना विचारा, “अलीकडे घरीही अशीच वागते का?” कदाचित तिच्या घरच्यांनाही कोणी विचारलेलं नसेल आणि त्यांनी लाजेने झाकून ठेवलं असेल. लाजायचं कारण नाही. हॉलिवूडचा मोठा नट ब्रूस विलिस याला हाच आजार झाल्याचं त्याच्या कुटुंबाने २०२३ साली जगाला स्वतःहून सांगितलं.

आणि सांभाळणारीला विसरू नका. बहुतेक घरांत ती बायकोच असते, नाहीतर सून किंवा लेक. हा आजार वर्षानुवर्षं चालतो. जिच्याशी संसार केला ते माणूस समोर बसलेलं असतं आणि त्याच्या डोळ्यांत आपल्यासाठी काहीच नसतं, हे रोज सोसणं सोपं नाही. आठवड्यातून दोन तास गटातल्या एकीने त्या घरी बसावं, म्हणजे तिला बाजार करता येईल, देवळात जाता येईल, नुसतं झोपता येईल. तिला बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही फोन सेवा आहे. नंबर लिहून घ्या, १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की हा विषय काढा. आपल्या वस्तीत कोणी “अचानक बिघडलं” आहे का, एवढंच एकमेकींना विचारा. आहे असं वाटलं, तर त्या घरी एक वही घेऊन जा. पहिल्या पानावर तारीख तुमच्या हाताने घाला.